सायकलकाकूंना विचारा : नाश्ता किती किलोमीटरवर आहे?

‘सायकलच्या टीमबद्दल काही विचारायचं असेल तर काकूंना लिहा’ अशी चौकट संपादकांनी मागच्या अंकात टाकली आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं अशा बायकांची आहेत, ज्यांच्या नवऱ्यांनी नुकतीच सायकल घेतली आहे. उरलेली निम्मी त्या नवऱ्यांची.

ओळख थोडक्यात : मी साताऱ्याची. बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त. आमच्या रविवारच्या टीमची खजिनदार. टीममध्ये सगळ्यात हळू मीच चालवते, त्यामुळे पुढे कोण काय करतंय ते मला मागून सगळं दिसतं. टीममध्ये एक सर आहेत (गणिताचे), एक डॉक्टर आहेत (हाडांचे), एक इंजिनिअर आहे (कशाचा ते अजून कळलेलं नाही) आणि बारक्या नावाचा एक सव्वासहा फुटी मुलगा आहे. उत्तरांत त्यांचा उल्लेख येणार. त्यांना कल्पना दिलेली नाही.

काकू, आमचे हे दर रविवारी पहाटे पाचला सायकल घेऊन बाहेर पडतात आणि साडेअकराला उगवतात. विचारलं तर म्हणतात, ‘पन्नास किलोमीटर मारले.’ पन्नास किलोमीटरला साडेसहा तास? मी स्कूटीवर तेवढ्यात पुण्याला जाऊन, लक्ष्मी रोडवर खरेदी करून परत येईन. – शंकेखोर, कराड

वहिनी, शंका रास्त आहे, पण तुम्हाला वाटतंय तसलं काही नाही. माणूस खरंच सायकलवरच असतो. म्हणजे सायकलच्या आसपास असतो.

आमचाच हिशेब सांगते. कास पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. सातारा सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, कास बाराशेच्या आसपास. यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि उतरून यायचं, झाले पन्नास किलोमीटर. चढायला दोन तास धरा, उतरायला एक. तीन तासांत माणूस घरी यायला हवा.

आता बाकीचे साडेतीन तास. पाचला पोवई नाक्यावर जमायचं ठरलेलं असतं, तेव्हा पाचला फक्त सर येतात. सव्वापाचला मी. साडेपाचला डॉक्टर येतात आणि आल्या आल्या विचारतात, ‘पंप आणलाय का कोणी?’ त्यांच्या चाकात हवा कमी असते. ती शनिवारी रात्रीही कमी होती, पण शनिवारी रात्री त्यांच्याकडे पंप होता. हवा भरेपर्यंत इंजिनिअरला आठवतं की हेल्मेट घरी राहिलं. मग एक फोटो. फोटोत बारक्याचं डोकं कापलं जातं म्हणून दुसरा फोटो. निघायला पावणेसहा.

घाटात पाणी प्यायला थांबायचं, दरी बघायला थांबायचं. ज्यांना धाप लागलेली असते ते दरी जरा जास्त वेळ बघतात. वर पोहोचल्यावर पुन्हा फोटो. आणि मग येतो मुख्य कार्यक्रम, मिसळ. मिसळीला वीस मिनिटं पुरतात हो, पण ती खाताना आजच्या राइडचं विश्लेषण असतं. कुणाचा गिअर कुठल्या वळणावर अडकला, कोण कुणाला कुठे मागे टाकून गेला, त्याने टाकलं की मीच त्याला पुढे जाऊ दिलं. ओले ग्लोव्ह्ज टेबलावर, त्यांच्या शेजारी पाव, आणि डॉक्टर रश्श्यात बोट बुडवून टेबलावर घाटाचा नकाशा काढतात. दुसरा चहा येतो. तिसऱ्या चहाला कुणीतरी म्हणतं, ‘निघायला पाहिजे, घरी कामं आहेत.’ सगळे मान डोलावतात आणि चौथा सांगतात.

तेव्हा वहिनी, नवरा खोटं बोलत नाही. त्याला फक्त ‘पन्नास किलोमीटर आणि चार चहा’ असं पूर्ण उत्तर द्यायला सांगा.

पॅड असलेल्या सायकलिंगच्या चड्डीच्या आत आपली नेहमीची चड्डी घालायची की नाही? टीममध्ये विचारायची लाज वाटते. – संकोची, फलटण

नाही.

(संपादक म्हणाले, जरा सविस्तर लिहा. तर, आतल्या चड्डीची शिवण नेमकी तिथे घासते, ओलावा धरते आणि मग सोमवारी ऑफिसात उभ्याने काम करावं लागतं. पॅड थेट अंगाला लागण्यासाठीच असतं. घासत असेल तिथे थोडं व्हॅसलीन लावा. घरी आल्या आल्या चड्डी धुवायला टाका, तीच घालून सोफ्यावर बसून फोटो बघू नका. आणि टीममध्ये विचारायची लाज कसली? तिथे प्रत्येकाने हा प्रश्न गपचूप दुसऱ्या कुणालातरी विचारलेला असतो.)

आमच्या टीममधला एक जण कायम माझ्या मागच्या चाकाला चिकटून येतो. एकदाही पुढे येत नाही. आणि शेवटच्या पाचशे मीटरला बाजूने सुसाट पुढे जाऊन हात वर करतो. हे नियमात बसतं का? – दमलेला, वाई

नियमात बसतं, शिष्टाचारात नाही. आमच्याकडे अशा माणसाला ‘जावई’ म्हणतात.

त्याचं काय चाललंय ते आधी समजून घ्या. सपाट रस्त्यावर तिशीच्या वेगाने चालवताना तुमची बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. मागच्याला ती हवा तुम्ही कापून देता, त्यामुळे त्याचे कष्ट पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाचतात. म्हणजे तुम्ही घाम गाळून पोहोचता आणि तो ताजातवाना असतो. आमच्या भागात हे फार महागात पडतं. ठोसेघरच्या वर चाळकेवाडीला त्या पवनचक्क्या उभारल्यात त्या काही शोभेला नाहीत. तिथे समोरून वारा लागला की उतारावरसुद्धा पेडल मारावं लागतं. बारक्याच्या मागे तेव्हा अशी झुंबड उडते की विचारू नका. सव्वासहा फूट उंच आणि खांद्याला रुंद, त्याच्यामागे तीन माणसं सहज झाकतात. बारक्याला वाटतं आपण लोकप्रिय आहोत.

यावर खरा उपाय पाळीचा. एकेकाने मिनिट-दोन मिनिटं पुढे राहायचं, मग मागे बघून बाजूला व्हायचं, वेग सोडायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन लागायचं. ऐकायला सोपं आहे. आम्ही हायवेच्या सर्व्हिस रोडवर हे शिकायला गेलो तेव्हा सरांनी गळ्यात शिट्टी अडकवली होती. शिट्टी वाजली की पाळी बदल. झालं असं, की ज्याची पाळी येई त्याच्या अंगात वारं शिरे. मागे सव्वीसच्या वेगाने निवांत चाललेला माणूस पुढे आला रे आला की बत्तीस. रांग तुटली, मागचे ओरडू लागले, पुढच्याला वाटलं ते आपलं कौतुक करताहेत. इंजिनिअर तर शिट्टी ऐकू न येण्याइतका पुढे गेला आणि परस्पर घरी पोहोचला. तेव्हा पाळी घ्या, पण वेग जो होता तोच ठेवा. पुढे आल्यावर जोर दाखवायचा मोह होणारच, तो आवरायचा.

आणि जावई पाळी घ्यायला तयारच नसेल, तर त्याला घाटात न्या. तुमच्याकडे पसरणी आहे, आणखी काय पाहिजे? आठ-दहाच्या वेगाला वाऱ्याचा आडोसा काही कामाचा नसतो. तिथे ज्याचे पाय त्याचेच.

एक मात्र जीव तोडून सांगते. माणसाच्या मागे लागा, वाहनाच्या नको. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची काही पोरं चिकटतात. लहानपणी ट्रॉलीतला ऊस ओढून खाल्ला असेल, ते वेगळं. तिच्या मागून काही इंचांवरून चालवायचं म्हणजे मागचा दिवा नसलेल्या, कधीही थांबणाऱ्या भिंतीमागून चालवायचं. आमच्या डॉक्टरांना धंद्याची ददात नाही, तुम्ही भर घालू नका.

आमची टीम नवीन आहे. जर्सी करायची आहे. रंग, प्रायोजक, साइज यांवर मार्गदर्शन करावे. – सेक्रेटरी, कोरेगाव तालुक्यातून

सेक्रेटरी, जर्सी करू नका. टीम टिकवा.

करणारच असाल तर आमचं ऐका. आमच्याकडे रंगावरच एक पावसाळा गेला. सरांना काळा हवा होता. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या पोटाकडे बघून सगळ्यांना कळलं. डॉक्टरांना झगझगीत पोपटी हवा होता, कारण पहाटेच्या अंधारात न दिसलेली माणसं शेवटी त्यांच्याच टेबलावर येतात. मतदान झालं, बरोबरीत सुटलं, खजिनदार म्हणून माझं मत पोपटी पडलं. तेव्हापासून सर माझ्याशी फक्त आकड्यांत बोलतात.

मग प्रायोजक. पेढेवाले तयार होते, पण रोख देणार नव्हते, माल देणार होते. तेवढ्यात इंजिनिअरने एक भावी नगरसेवक गाठून आणला. साहेब सगळा खर्च करायला तयार, अट एकच : पाठीवर त्यांचा हात जोडलेला फोटो. आम्ही एक नमुना छापून घेतला. आता सायकलच्या जर्सीला खिसे पाठीमागे असतात, कंबरेच्या वर, तीन. फोटो बरोब्बर खिशांवर आला. बारक्याने तो घातला, नेहमीसारखी दोन्ही बाजूंना दोन-दोन केळी कोंबली आणि मधल्या खिशात राजगिऱ्याचे लाडू. साहेबांचे गाल टम्म फुगले, नाक पुढे आलं. त्यात बारक्या चढावर उभा राहून पेडल मारायला लागला की साहेब डावीकडून उजवीकडे डोलायचे. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न द्यायचा आणि साहेब हात जोडून त्याला ‘सावकाश’ म्हणताहेत असं दिसायचं. रस्ता सुरक्षेसाठी इतकं परिणामकारक काही मी पाहिलेलं नाही. पण साहेबांनी तो नमुना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि प्रायोजकत्व तिथेच संपलं.

शेवटी पेढेवाल्यांचं नाव छापलं. मोबदला किलोवर मिळाला. तो घरी न्यायचा की रस्त्यात संपवायचा यावर एक बैठक झाली. बैठकीतच संपला.

साइजबद्दल : सायकलच्या जर्सीतला एक्सएल हा तुमचा नेहमीचा एक्सएल नाही, त्याचा धाकटा भाऊ आहे. कापड अंगाला चिकटून बसावं म्हणून तसा कापतात. प्रत्येकाकडून छातीचं माप टेप लावून घ्या, तोंडी घेऊ नका. पुरुष चाळिशीनंतर छातीचं माप कॉलेजातलंच सांगतात. बायकांसाठी वेगळ्या मापाची जर्सी मागवा. ‘लहान साइजचा पुरुषांचा’ चालेल असं दुकानदार म्हणेल, त्याला ती स्वतः घालून बघायला सांगा.

सायकलवर बरोबर काय काय ठेवावं? मी कॉलेजात आहे, टीममध्ये नवीन आहे, आणि पंक्चर मला काढता येत नाही. – प्रथम वर्ष, बारामती

एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायच्या पट्ट्या), छोटा पंप, षटकोनी पान्यांचा संच, ओळखपत्र, थोडी रोकड. आणि एक पितळी अडॅप्टर. त्याचं महत्त्व सांगते.

तुझ्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, लांबट असेल आणि टोकाला इवलासा नट असेल, तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्यावर बसत नाही. तो व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड नसतो. बिचारा पंक्चरवाला दाबून दाबून बघतो, मग म्हणतो, ‘ही फॉरेनची आहे का?’ तो शेंगदाण्याएवढा अडॅप्टर व्हॉल्व्हवर फिरवून बसवला की त्याचाही पंप चालतो. किंमत किरकोळ. व्हॉल्व्हलाच एक कायमचा लावून टाक. आणि अडॅप्टर बसवण्याआधी तो इवलासा नट सैल करायचा, नाहीतर बाहेरून कितीही मार, आत काही जात नाही.

पंक्चर काढायला टीमकडून शिकू नकोस. आमचा नागठाण्याजवळचा प्रसंग सांगते म्हणजे कळेल. इंजिनिअरचं मागचं चाक बसलं. सगळे थांबले. चाकाशी एकटा इंजिनिअर, भोवती उभे राहून सांगणारे सहा. सर म्हणाले, चेन आधी सगळ्यात लहान चक्रावर घे, म्हणजे चाक सुटेल. हे बरोबर होतं, पण तोवर चाक सुटलं होतं आणि इंजिनिअरचे हात कोपरापर्यंत काळे होते. डॉक्टरांनी ट्यूबला कान लावला, जसा छातीला लावतात, आणि म्हणाले, ‘इथून हवा जातेय.’ नवी ट्यूब घातली, हवा भरली, टाळ्या झाल्या. दोनशे मीटरवर पुन्हा बसलं.

कारण टायरमध्ये आतून बोट फिरवून कुणी बघितलंच नव्हतं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात. केसासारखी तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसत नाही, आणि नवी ट्यूब घातली की तीही फोडते. म्हणून ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवायचं. हळूच, कारण तार बोटालाही लागते. नवी ट्यूब घालताना तिच्यात आधी दोन-चार पंप हवा भरायची, म्हणजे ती गोल होते आणि रिमखाली चिमटत नाही.

दुसऱ्या खेपेला ती तार काढली ती बांधावर गवत कापत बसलेल्या एका आजोबांनी, नखाने. ते आधीपासून बघत होते. म्हणाले, ‘म्हटलं, तुमचं झालं की सांगावं.’

एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी, पंखा लावून, दोनदा चाक काढ आणि दोनदा बसव. मग टीममध्ये तुझी किंमत डॉक्टरांहून जास्त.

आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ स्ट्राव्हावर (राइड नोंदवायच्या अ‍ॅपवर) प्रत्येक राइडला ‘निवांत चक्कर’ नाव देतात आणि सरासरी असते ताशी 29 किलोमीटर. – चिडलेली, कोल्हापूर

ताई, ‘निवांत’ हा शब्द दिसला की समजायचं, माणूस घरी जाऊन तासभर आडवा झाला होता.

सरासरीवर फार जाऊ नका. थांबलं की घड्याळही थांबवणारी सोय असते, ती चालू असली की चहा, सिग्नल, धाप, सगळं हिशेबातून गायब. आमच्या सरांचा एकदा यवतेश्वर घाटात पहिला नंबर लागला होता. तीन दिवस ते साताऱ्यातून ताठ मानेने फिरत होते. मग बारक्याने आठवण करून दिली की त्या दिवशी त्यांची चेन तुटली होती आणि ते सायकलसकट टेम्पोतून वर आले होते. घड्याळ बंद करायचं राहिलं होतं. विक्रम त्यांनी काढून टाकला. टेम्पोवाल्याला मात्र कुणी सांगितलं नाही, त्याचाच तो मान होता.

माझा मुलगा ‘बीआरएम’ करतो म्हणे. 200 किलोमीटर, आणि आता 300 ची तयारी. वाटेत एटीएमच्या पावत्या गोळा करतो. पैसे तर काढत नाही! हा काय प्रकार आहे? आणि म्हणतो, पुढे अमेरिकेत जाऊन रेस करणार. मला झोप नाही. – एक आई, नाशिक

ताई, आधी पावत्यांचं. बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, शर्यत नाही. पॅरिसचा ‘ओदॅक्स क्लब पॅरिझियां’ या राइड्सना मान्यता देतो. पहिला-दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायचं एवढंच. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. एका हंगामात चारही केल्या की ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात. माणूस खरंच त्या ठिकाणी गेला होता याचा पुरावा लागतो, म्हणून जिथे शिक्का मारायला कुणी नसतं तिथे एटीएमची पावती चालते, तिच्यावर जागा आणि वेळ छापलेली असते. रात्री दोन वाजता हेल्मेट घालून, चमकणारं जाकीट चढवून एटीएममध्ये शिरणाऱ्या आणि शिल्लक बघून बाहेर पडणाऱ्या पोरांकडे रखवालदार कसे बघतात ते मी बँकेत असताना ऐकलेलं आहे. शिल्लक बघून काही जण आणखी दमतात.

200 ला साडेतेरा तास म्हणजे खाणंपिणं धरून तासाला पंधरा किलोमीटरही पडत नाहीत. फार घाबरू नका. पुढेमागे दिवे आहेत का, ते मात्र स्वतः तपासा. आणि तुम्ही मागून गाडी घेऊन डबा देत फिरायचा विचार करत असाल, तर तेही जमणार नाही. मदत फक्त ठरलेल्या थांब्यांवर घेता येते. आमच्या एकाच्या मातोश्री लोणच्याची बरणी घेऊन निघाल्या होत्या, त्यांना सुरूर फाट्यावरून परत पाठवावं लागलं. बरणी ठेवून घेतली.

अमेरिकेचं म्हणाल तर तो ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’बद्दल बोलत असणार. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने करायची तर बारा दिवसांत. वेडेपणा वाटेल, पण तो तुमच्याच गावात झालेला आहे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी 2015 मध्ये दोघांच्या टीमने ती पूर्ण केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. बघा, डॉक्टरांचं प्रमाण किती आहे. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘ते वेगळे डॉक्टर.’

मुलाला आधी चार वर्षं रात्रीचं जागून चालवू दे, मग अमेरिकेचं बघू. तोवर तुम्ही झोपा.

मी टीममध्ये सगळ्यात मागे असते. वर पोहोचते तेव्हा सगळे ताजेतवाने होऊन ‘चला, निघूया’ म्हणतात. मी टीम सोडावी का? – शेवटची, चिपळूण

अजिबात नाही. सोडायची तर त्यांनी सोडावी.

तुमचं दुखणं मला माहीत आहे. पुढचे वर पोहोचून दहा मिनिटं बसतात, पाणी पितात, चिक्की खातात. आपण लालबुंद होऊन पोहोचतो आणि आपण दिसलो की ते उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती नको त्याला ती मिळते आणि ज्याला हवी त्याला ‘चला’. आणि वर म्हणतात, ‘आम्ही तुमच्यासाठी थांबलो होतो.’ मागच्याला टाकून जाणारी टीम ही टीम नव्हे, नुसती वर्दळ.

तुर द फ्रान्समध्ये सगळ्यात शेवटच्या सायकलपटूला लाल कंदील म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्याला असतो त्यावरून. तिथे तर शेवटचा येण्यासाठीही कधीकधी चुरस लागलेली आहे, कारण शेवटून दुसऱ्याला कोण ओळखतो? आमच्याकडे मला ‘गार्डचा डबा’ म्हणतात. मी मनावर घेत नाही. गार्डने झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही.

तर मी खजिनदारकीच्या अधिकारात दोन नियम केले. एक, शेवटचा माणूस पोहोचला की त्याच्यापासून दहा मिनिटं मोजायची. दोन, शेवटचा माणूस टेबलावर बसेपर्यंत मिसळीची ऑर्डर द्यायची नाही. पहिल्या नियमावर कुरकुर झाली. दुसऱ्याचा परिणाम त्याच रविवारी दिसला : घाटाच्या शेवटच्या वळणावर बारक्या खाली परत आला, म्हणाला, ‘काकू, पाठीवर हात ठेवू का?’ आणि मला वरपर्यंत ढकलत घेऊन गेला. एवढी भूक.

तुम्ही कोकणातल्या. कुंभार्ली घाट तुमच्या दाराशी आहे, तो चढणारी बाई मागे असली तरी मागासलेली नव्हे. पैशांचा हिशेब तुमच्याकडे घ्या, बाकी आपोआप होईल.

कुत्री मागे लागली तर? – पळालेला, इस्लामपूर

पळू नका. वेग कमी करा, दमदार आवाजात ‘हाड’ म्हणा. बहुतेक तिथेच थांबतात. नाहीच थांबलं तर उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवा आणि चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘खरचटलंय फक्त’ म्हणत राइड पूर्ण करू नका. टीममध्ये सगळ्यात मागच्याच्याच मागे कुत्रं लागतं हे खोटं आहे. ते सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याच्या मागे लागतं. आमच्याकडे सर.

नाश्त्याचं बिल कसं वाटून घ्यावं? समान की ज्याने जे खाल्लं त्याचं? यावरून आमची टीम फुटायच्या बेतात आहे. – मध्यस्थ, सांगली

समान. डोळे मिटून समान. ज्या दिवशी ‘मी फक्त चहा घेतला’ हे वाक्य ऐकून घेतलंत, त्या दिवसापासून हॉटेलात पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागेल. आम्ही ते करून पाहिलं. सरांनी तक्ता केला होता, जादा पावाचा वेगळा रकाना होता. बारक्याचा रकाना पानाबाहेर गेला.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम आगाऊ घेते आणि त्यातून बिल भागवते. उरलं तर ट्यूब घेते, कमी पडलं तर पुढच्या महिन्यात वाढवते. दोन पथ्यं मात्र पाळा. पैसे आधी घ्या, मिसळ नंतर. पोट भरलेल्या सायकलवाल्याकडून वसुली होत नाही, हे मी कर्जखात्यात काम न करताही सांगू शकते. आणि ‘सुट्टे नाहीत’ म्हणणाऱ्याचं नाव वहीत तारखेसकट लिहा. आमच्या वहीत गणपतीपासून एका हाडांच्या डॉक्टरांकडून 140 रुपये येणे आहेत. ते हा अंक वाचतात.